भामाआक्का, चार इच्छुक आणि एक निरांजन

भामाआक्कांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मतदान केंद्रावर. मी नुकतीच शाळेत लागले होते आणि मतदारांच्या बोटाला शाई लावायचं काम माझ्याकडे आलं होतं. नाकापर्यंत पदर ओढलेली एक काटक बाई टेबलापाशी आली. यादी घेऊन बसलेले गृहस्थ विदर्भातून बदलून आलेले होते. त्यांनी विचारलं, "पतीचं नाव?"

आक्कांनी पदर आणखी पुढं ओढला.

"अहो, नवऱ्याचं नाव काय?"

"देहूच्या म्हाराजांचं जे हाय त्येच."

"कोणते महाराज?"

आक्कांनी पदर बोटभर वर केला, त्या गृहस्थांना नीट पाहून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्यांला देहू ठावं न्हाई, आन् ह्ये आमची मतं घ्यायला बसल्यात!"

खोलीतले सगळे हसले. गृहस्थांचे कान लाल झाले. मीच हळूच 'तुकाराम' म्हटलं आणि पुढचं काम सुरू झालं. जाताना आक्कांनी मला विचारलं, "तू ऱ्हातीस कुठं?" मी भोसरीतून रोज येते आणि खोली शोधते आहे, असं सांगितलं. "आमची माडी रिकामी हाय. पर दिवेलागणीच्या आत घरात पायजे, डोईवर पदर पायजे आन् चपला जोत्याखाली." मला त्यातली एकही अट आवडली नव्हती. तरी मी आठवड्याभरात ट्रंक घेऊन गेले आणि पुढची अकरा वर्षं तिथं राहिले.

गावाचं नाव मी लिहीत नाही. भोसरीच्या पलीकडे, इंद्रायणीच्या अलीकडे असं समजा. गावाची निम्मीशिम्मी जमीन कारखान्यांत गेली होती. सकाळचा भोंगा झाला की निम्मं गाव सायकलवर बसायचं आणि उरलेलं निम्मं म्हशींना चारा टाकायचं. आक्का त्या गावातल्या थोरल्या घरची थोरली सून. भावकीतली सगळी लग्नं, बारशी, तेरावे त्यांना विचारून व्हायचे. पण चार पुरुषमाणसं ओसरीवर बसली असली तर आक्का मधल्या दाराच्या बाहेर येत नसत. दाराच्या आतल्या बाजूला सूप घेऊन गहू निवडत बसायच्या. ओसरीवर काही विचारलं गेलं तर आतून उत्तर यायचं, तेही "सांगा म्हनावं त्यांला" असं सुरू होऊन. त्यांचे मालक, म्हणजे तात्या, स्वभावानं गरीब आणि कानांनी कमी. त्यामुळे ओसरीवर बसलेल्यांना वाटायचं की आपलं बोलणं कुणी ऐकत नाही. आक्का गव्हातला खडा आणि बोलण्यातला खडा एकदमच वेचायच्या.

रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. "मास्तरीण, आज कोन फुटलं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. पक्ष कुठलाही असो, कुणीतरी फुटलेलं असायचंच. मग त्या फुटलेल्याला आक्का दोन शब्दांत निकालात काढायच्या. बायकांनी राजकारणात पडावं हे त्यांना मान्य नव्हतं. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "आक्का, तुम्हीच उभ्या राहा की निवडणुकीला." त्या खरोखरच रागावल्या. "बाईनं उभं ऱ्हायाचं त्ये चुलीम्होरं आन् तुळशीम्होरं. मतं मागाया दारोदार फिरायाचं म्हंजी काय? आन् फोटू काडत्यात मानसाचा, भिताडाला चिकटिवत्यात. त्यावं शेळी अंग घासती." दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मग आमची आठ-दहा गावं मिळून नगरपालिका झाली आणि काही वर्षांनी अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडायचा असं ठरलं. आमच्या गावातून एकच नाव जायला हवं, दोन गेली तर मतं फुटून दुसऱ्या गावचा माणूस येईल, हे सगळ्यांना कळत होतं. पण इच्छुक तीन निघाले. तिघेही तात्यांच्या ओसरीवर येऊ लागले. कारण गावाची एक जुनी रीत होती. गावचा माणूस मोठ्या कामाला निघाला, मग ती कुस्ती असो, फौजेतली भरती असो की कोर्टातली तारीख, तर थोरल्या घरची थोरली सवाष्ण त्याला ओवाळायची. आक्कांनी ओवाळलं की तो गावाचा माणूस. सभा, ठराव, सह्या असलं काही त्यापुढे लागत नसे. ज्याच्यापुढे आक्कांचं निरांजन फिरेल त्याचाच अर्ज भरायचा, असं भावकीनं ठरवून टाकलं.

पहिले आले ते वकील. पुण्याला कोर्टात जात आणि भर चैत्रात काळा कोट घालून गावात फिरत. तासभर बोलले. ते गेल्यावर आक्का मला म्हणाल्या, "ह्यो गडी ताहान लागली तर पान्याला बी अर्ज करंल. आन् बायकूनं तांब्या दिला तर म्हनंल, सही कुठाय?"

दुसरे वीटभट्टीचे शेठ. त्यांच्याकडे नवी जीप होती आणि ती उभी असतानाही ते हॉर्न वाजवत. त्यांनी गावभर दिवे लावायचं आश्वासन दिलं. "लावंल की," आक्का म्हणाल्या. "पयला दिवा सोताच्या दारात, दुसरा सासऱ्याच्या. तिसरा खांब हुबा व्हईस्तवर ह्याची मुदत सरती."

तिसरे हिरामण पैलवान. दूध सोसायटी सांभाळायचे. अंगानं दांडगे आणि बोलायला विलक्षण सावकाश. ओसरीवर आले, बसले, चहा प्यायले आणि "निगतो" म्हणून गेले. उभं राहायचंय हे त्यांच्याबरोबर आलेल्या माणसाला सांगावं लागलं. आक्का पोट धरून हसल्या. "ह्यो तर जातं हाय गं जातं! दोन बाया दोन अंगाला बसून वढतील तवा एक फेरा फिरायचा."

आक्कांचा शब्द आळीत पोचायला पाणवठ्यापर्यंतचाच वेळ लागायचा. वकिलांना बायका पाण्याचा अर्ज मागू लागल्या. शेठच्या जीपमागे पोरं 'तिसरा खांब' म्हणून ओरडू लागली. आणि पैलवान रस्त्यानं निघाले की कोपऱ्यावरची टारगट पोरं हात गोल फिरवून घर्र घर्र आवाज काढायची. वकील आणि शेठ चिडले, आणि चिडल्यामुळे आणखी हास्यास्पद झाले. पैलवान चिडले नाहीत. त्यांनी फक्त आमच्या आळीतून दूध घेऊन जाणं बंद केलं, मागच्या वाटेनं जाऊ लागले. मला त्यांचं वाईट वाटायचं. आक्कांना मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "गंमत हाय ती. गड्यानं मनाला लावून घ्यायाचं नस्तं." त्यांच्या जिभेला धार होती आणि ती कुणाला लागते हे बघायची सवय नव्हती, हे मला आज लिहायलाच हवं.

तिघांचं हसं झालं, आणि मग चौथं नाव आलं. दत्तू. आक्कांचा एकुलता एक मुलगा.

दत्तू मला भावासारखा. माझी ट्रंक माडीवर त्यानंच चढवली होती. तो एका कंपनीत टाइमकीपर होता, गोड बोलायचा, कुणाच्याही कामाला धावायचा. सबंध गावात त्याला वाईट म्हणणारा माणूस नव्हता. त्याचं एकच होतं, त्याला 'नाही' म्हणता येत नसे. एकाच रविवारी तो तीन लग्नांना येतो म्हणायचा आणि तिन्हीकडे त्याची वाट बघितली जायची. बायको, इंदू, यावरून रडकुंडीला यायची. लोक मात्र हसून सोडून द्यायचे.

दत्तूचं नाव निघालं आणि आळी आक्कांच्या तोंडाकडे बघू लागली. तिघांना उभं-आडवं सोलणारी ही बाई आता लेकाला काय म्हणते? पाणवठ्यावर एकीनं विचारलंच, "आक्का, आता चौथ्याचं कसं?" आक्का हसल्या. "त्याचं काय, त्यो माझा हाय." त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मलाही बरं वाटलं. कुणाला ओवाळायचं हा प्रश्नच मिटला होता.

तो फुललेला चेहरा मी आणखी दोन दिवसच पाहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मधल्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होते. आक्का दाराआड गहू निवडत होत्या. तात्या पडवीत झोपले होते. दत्तू एका साहेबांना घेऊन ओसरीवर आला. साहेब रंगाच्या एका नव्या कारखान्याचे होते. बोलणं साधं, सभ्य. कारखान्याचं वापरलेलं पाणी बाहेर काढायला वाट हवी होती. सर्वांत जवळचा आमचा ओढा. "नगरपालिकेचं पत्र लागेल. तुम्ही अध्यक्ष झालात तर अडचण येऊ नये," साहेब म्हणाले.

"होऊन जाईल साहेब," दत्तू म्हणाला. "तुम्ही निर्धास्त राहा."

त्या ओढ्याच्या काठाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर होती. ओढ्याचं पाणी तिच्यात झिरपतं हे गावातलं शेंबडं पोरही सांगत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओसरीवर गावातली दहा-बारा जाणती माणसं आली. त्यांना त्या कारखान्याची कुणकुण लागली होती. दत्तू त्यांना म्हणाला, "मी असेपर्यंत ओढ्याला कुणाला हात लावू देणार नाही. माझा शब्द आहे." माणसं समाधानानं उठून गेली.

दाराआड सुपाचा आवाज थांबला होता. मी आक्कांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे.

"मास्तरीण, काल तू काय ऐकलंस?"

मला भीती वाटली. घर त्यांचं, मुलगा त्यांचा, मी माडीवरची भाडेकरीण. मी म्हटलं, "काही नाही."

"मी बी न्हाई," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप हलवू लागल्या. खडे बाजूला काढायचे सोडून त्या नुसतेच गहू या बाजूचे त्या बाजूला करत होत्या.

मी तेव्हा खोटं बोलले याची मला अजून लाज वाटते.

ओवाळायचा दिवस ठरला होता तो आठवड्यानंतरचा. त्या आठवड्यात घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. मी सकाळी वर्तमानपत्र उघडायचे आणि 'आज कोन फुटलं' हा प्रश्न यायचाच नाही. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, आईनं लेकाला चारचौघांत उणं बोलायचं नाही, बाईनं पुरुषांच्या कारभारात पडायचं नाही, हे सगळं ज्यांनी मला इतक्या वर्षांत शंभरदा ऐकवलं त्या बाईला आता त्याच नियमांनी चहूकडून बांधून घातलं होतं. पाणवठ्यावर बायका विचारायच्या आणि त्या नुसत्या घागर उचलून चालू लागायच्या.

चौथ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. दत्तू पाटावर बसला होता. आक्का चुलीपाशी भाकरी थापत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "दत्तू, त्या सायबाला काय म्हनलास?"

दत्तूचा घास हातात राहिला. मग तो हसला. "आये, बोलावं लागतं तसं. तुला त्यातलं काय कळतंय?"

"मला कळत न्हाई म्हनूनच इचारती. सायबाला बी व्हय, आन् गावाला बी व्हय. खरं व्हय कोनतं?"

"ते निवडून आल्यावर बघू."

आक्कांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. त्यांनी ती स्वतःच्या ताटात ठेवली आणि दत्तूसाठी दुसरी थापायला घेतली. इंदू माझ्याकडे बघत होती, मी ताटाकडे.

मला वाटलं, झालं, संपलं. आई आहे, गप्प बसेल आणि ओवाळेल. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं. मला ते घर आवडत होतं आणि त्या घराला तडा गेलेला बघायचा नव्हता.

ओवाळायच्या दिवशी सकाळपासून ओसरीवर सतरंजी घातली होती. आक्कांनी न्हाऊन इरकली लुगडं नेसलं. मला आत बोलावलं. "फुलवात करून दे गं." ताम्हनात कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी सगळं मांडलेलं होतं. मी वात करून तुपात भिजवली. दिवा लागला तसं त्या हलकेच म्हणाल्या, "आमच्या घरात पेटलेलं निरांजन कुनालातरी ववाळल्याबिगर माघारी न्हेत न्हाईत. ठावं हाय न्हवं तुला?" मला ठाऊक होतं. त्या मला हे का सांगताहेत ते मात्र कळलं नव्हतं.

बाहेर सगळं गाव लोटलं होतं. वकील कोट घालून पुढं बसले होते. शेठची जीप दाराशी होती आणि त्या दिवशी हॉर्न वाजत नव्हता. हिरामण पैलवान पार मागं, गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. एकी दिसावी म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. दत्तू नवी टोपी घालून पाटावर उभा राहिला. तात्या खांबाशी बसले होते, काय चाललंय त्याचा अंदाज घेत.

ओवाळण्यापुरतं आक्कांना पुरुषांत येता येत असे. त्या ताम्हन घेऊन बाहेर आल्या. पदर नेहमीसारखा नाकापर्यंत. त्यांनी दत्तूच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. ताम्हन दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी आणून तसंच धरून ठेवलं.

"दत्तू, दिवा हाय म्होरं," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण ओसरीवर इतकी शांतता होती की गोठ्यातल्या म्हशीचं रवंथ ऐकू येत होतं. "वड्याचं सायबाला येक सांगितलंस, ह्या मानसांला येक. दोन्ही मी ऐकल्यात. त्यातलं खरं कोनतं त्ये येकदा सांग, मी ववाळती. सायबाचं खरं आसंल तरी ववाळती. पर येक काय त्ये सांग."

माणसांनी माना वर केल्या. कुणीतरी "सायेब कोन?" म्हणालं आणि त्याला दुसऱ्यानं गप्प केलं. दत्तूचा चेहरा पांढराफटक पडला. तो समोर बघायचा, मग खाली, मग पुन्हा समोर. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि मनात म्हणत होते, बोल रे, एक वाक्य बोल, 'ओढा देणार नाही' एवढं म्हण. गाव तिथल्या तिथं त्याला माफ करणार होतं. ते त्यालाही दिसत होतं. पण तेवढं म्हणायचं म्हणजे कारखान्याच्या साहेबाला 'नाही' म्हणायचं होतं, आणि ते त्याच्या तोंडून निघेना.

"आये," तो शेवटी म्हणाला, "आधी ओवाळ. मग सांगतो."

आक्कांनी त्याच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहिलं.

"न्हाई ववाळत," त्या म्हणाल्या.

दत्तू पाटावरून उतरला. टोपी काढली, हातात धरली आणि गर्दीतून वाट काढत बाहेर पडला. इंदू आतून धावत त्याच्या मागं गेली. तात्या मला विचारत होते, "काय झालं? काय म्हनली ती?" आणि मला त्यांच्या कानाशी वाकून ते सांगवत नव्हतं.

आक्का अजून ताम्हन धरून उभ्याच होत्या. ते माघारी नेता येत नव्हतं. भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "आक्का, आता?"

आक्कांनी गोठ्याकडे बघितलं. "हिरामन, म्होरं ये."

पैलवान जागचे हलले नाहीत. मग सावकाश म्हणाले, "आक्का, मी तर जातं."

कुणी हसलं नाही. "व्हय, म्हनलं म्या. चुकलं माजं. त्यो सायेब तुज्याकडं बी आला हुता का रं?"

"आल्ता."

"काय म्हनलास त्याला?"

पैलवानांनी विचार केला. "काय न्हाई. म्हशी धूत हुतो. त्यो बोलत ऱ्हायला. म्या म्हशी धूत ऱ्हायलो. शेवटाला त्योच गेला."

"जातंच पायजे," आक्का म्हणाल्या. "कुनाला उचलून न्हेता येत न्हाई."

पैलवान पाटावर येऊन उभे राहिले. पाट करकरला. आक्कांनी त्यांना तीनदा ओवाळलं, अक्षता टाकल्या आणि आत आल्या. ताम्हन देवापुढं ठेवलं आणि चुलीच्या पुढ्यात बसून पदर तोंडात कोंबून रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. हिरामण पैलवानांना आमच्या गावानं भरभरून मतं दिली. पण अध्यक्ष दुसऱ्याच गावचा झाला. त्याच्या पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत कारखान्याचा पाइप आमच्या ओढ्यात आला नाही, कारण पैलवान आणि त्यांची पोरं खणायला आलेल्या माणसांपुढे जाऊन नुसती बसत. मग एका वर्षी तो आलाच. विहिरीचं पाणी आधी पिवळट झालं आणि नंतर त्यात कुणी पोहरा टाकेनासं झालं. आक्कांनी त्या दिवशी जे गमावलं त्याच्या बदल्यात गावाला एवढीच थोडी वर्षं मिळाली. ती कमी की पुष्कळ, हे मला ठरवता येत नाही.

दत्तू त्या महिन्यातच बायकोमुलांना घेऊन चिंचवड स्टेशनकडच्या नव्या कॉलनीत राहायला गेला. भांडला नाही. "कंपनी जवळ पडते" म्हणाला. दिवाळीला येतो म्हणाला आणि आला नाही. तात्या गेले तेव्हा आला, पुरुषांत बसला, तेराव्याला पंगत उठल्यावर गेला. आईशी जे बोलला ते मान खाली घालून, हो-हो करत.

आक्कांची जीभ मात्र गेली. पुढच्या निवडणुका आल्या, उमेदवार आले, आळीतल्या बायका मुद्दाम दारात येऊन विचारायच्या, "आक्का, ह्यो कसा वाटतो?" त्या म्हणायच्या, "बरा हाय." वकील? बरा हाय. शेठ? बरा हाय. चांगल्याला, वाईटाला, सगळ्यांना तेवढंच. मी रोज वर्तमानपत्र वाचत राहिले आणि त्या ऐकत राहिल्या. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की त्या दाराच्या आतल्या बाजूला बसून बाहेरच्या रस्त्याकडे कान लावून असतात.

माझी बदली झाली, मी गाव सोडलं. अधूनमधून जायचे. मग संसारात ते जाणंही कमी झालं.

शेवटचं पाहिलं ते पुन्हा मतदान केंद्रावरच. ऐंशी साल उलटून गेलं होतं. त्या खेपेला मला नेमकी त्याच गावाची शाळा मिळाली आणि या वेळी यादी माझ्या हातात होती. येणाऱ्या मतदाराचं नाव शोधायचं आणि समोर बसलेल्या एजंटांना ऐकू जाईल असं वाचायचं, एवढं माझं काम. सकाळी आठला, दार उघडताक्षणी, आक्का आल्या. खूप वाकल्या होत्या. मला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"तू व्हय गं? बरं झालं. तू नवऱ्याचं नाव इचारनार न्हाईस."

मत देऊन त्या घरी गेल्या नाहीत. पटांगणातल्या लिंबाखाली जाऊन बसल्या. दहा वाजले, बारा वाजले. दुपारी गर्दी ओसरली तेव्हा त्या काठी टेकत दाराशी आल्या.

"मास्तरीण, आमच्या घरातली नावं वाच की."

मी पान उघडलं. "तुकाराम..." तात्यांचं नाव अजून कुणी काढलं नव्हतं. आक्कांनी सवयीनं पदर पुढं ओढला. "भामाबाई. दत्तात्रय. इंदुमती."

"दत्तूचं नाव आजून माज्याच घरात हाय?"

"आहे."

"म्हंजी त्यानं हलिवलं न्हाई?"

"नाही आक्का. इथंच आहे."

"मंग यील," त्या म्हणाल्या आणि परत लिंबाखाली जाऊन बसल्या.

तीन वाजले. चार वाजले. पाचला मतदान बंद होणार होतं. मी माणसागणिक दाराकडे बघत होते आणि माझ्या हातून दोनदा ओळ चुकली. पावणेपाचला दत्तू आला. केस बरेच पिकले होते. तो शाळेच्या मागच्या फाटकातून आला होता, त्यामुळे लिंबाखाली कोण बसलंय ते त्याला दिसलं नव्हतं आणि लिंबाखाली बसलेल्या बाईलाही तो दिसला नव्हता. मत देऊन तो तसाच मागच्या मागं निघून गेला असता.

मी त्याचं नाव वाचलं. एजंट हातभर अंतरावर होते, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा तो आवाज काढून वाचलं, बापाच्या नावासकट, घराच्या नंबरासकट. एक एजंट दचकला. दत्तूनं मला ओळखलं. "बाई, हळू," तो म्हणाला.

"आक्का सकाळी आठपासून बाहेर बसल्यात," मी म्हटलं.

त्यानं शाई लावून घेतली, मत दिलं आणि दोन्ही दारांच्या मध्ये उभा राहिला. मागचं दार त्याला जवळ होतं. तो पुढच्या दारानं गेला.

आक्का लिंबाचा बुंधा धरून उठून उभ्या राहिल्या होत्या. खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आधी आक्काच म्हणाल्या, "काय रं, कुनाला दिलंस?"

"सांगायचं नसतं आये."

"मला बी न्हाई?"

"न्हाई," दत्तू म्हणाला. "तुला बी न्हाई सांगनार."

आक्कांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि हसल्या. इतक्या वर्षांत मी ते हसू ऐकलं नव्हतं. "आत्ता ग बया! न्हाई म्हनाया आलं की रं तुला. मंग आता ऱ्हा हुबा विलेक्शनला!"

त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती आणि ती हलत होती. आक्कांनी काठी लिंबाला टेकवली, दोन्ही हात वर नेऊन त्याच्या तोंडावरून फिरवले आणि शाई लागलेल्या बोटासकट दहाही बोटं आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली.

माझ्या टेबलापुढं शेवटचा मतदार चिठ्ठी घेऊन उभा होता. त्याचं नाव मला यादीत कितीतरी वेळ सापडेना.